भोपाळहून येणारी दहा मिनिटं

सत्तरच्या दशकात इंदूरच्या मराठी घरांत रेडिओवर बातम्या तीन दिशांनी येत. दिल्लीहून देशाच्या, भोपाळहून प्रदेशाच्या, आणि रात्री आकाश राजी असलं तर सातपुड्यापलीकडून मराठीतल्या. दिल्लीच्या बातम्यांचं कौतुक पुष्कळ झालं आहे आणि ते रास्तच आहे. देवकीनंदन पांडे वाचायला लागले की आमच्या रामबागेतल्या वाड्यात भांडी घासणारे हातसुद्धा थांबत. पुण्याच्या वृत्तनिवेदिका सुधा नरवणे यांच्याबद्दल महाराष्ट्रातली मंडळी आजही जीव ओतून लिहितात. भोपाळच्या रोजच्या दहा मिनिटांच्या प्रादेशिक समाचारांबद्दल मात्र कोणी मनापासून लिहिलेलं माझ्या वाचनात आलेलं नाही, ना हिंदीत ना मराठीत.

आणि मला तर ठामपणे वाटतं की आम्हाला या प्रदेशाचं केलं ते त्याच दहा मिनिटांनी.

आकाशवाणीचं इंदूर केंद्र २२ मे १९५५ ला सुरू झालं, तेव्हा आजच्या अर्थाचा मध्य प्रदेश जन्मालाच आला नव्हता. होळकरांचं, शिंद्यांचं आणि आजूबाजूची लहानमोठी संस्थानं मिळून १९४८ मध्ये मध्यभारत नावाचं राज्य झालं होतं. हिवाळ्यात त्याची राजधानी ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. मग १ नोव्हेंबर १९५६ ला मध्यभारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि जुन्या मध्य प्रदेशातला हिंदी मुलूख एकत्र करून नवा मध्य प्रदेश झाला आणि राजधानी कायमची भोपाळला गेली. म्हणजे मालवा हाउसमधलं आमचं रेडिओ केंद्र राज्यापेक्षा दीड वर्षानं मोठं.

माझ्या आजोबांच्या, नानांच्या लेखी ‘आपलं राज्य’ म्हणजे होळकरांचंच. मध्यभारत त्यांनी कसंबसं मान्य केलं होतं, कारण त्यात इंदूर निदान काही महिने तरी राजधानी असे. भोपाळचं नाव ते सहसा घेत नसत, ‘तिकडे’ म्हणत. तिकडून आदेश आला, तिकडे फाइल अडकली. मिलच्या हिशेबखात्यात आयुष्य काढलेला हा माणूस. गावात मिलचे भोंगे वाजत, त्यावर आमचं घड्याळ चाले, आणि त्यांच्या जगाची वेस साधारण त्या भोंग्यांचा आवाज जाई तिथवरच होती. त्याच्या पुढे एकदम पुणे. मध्ये काही नाहीच. इंदूरच्या मराठी घरांत हे सर्रास होतं. नातेवाईक पुण्याला, सोयरीक ग्वाल्हेर-बडोद्याला, दिवाळी अंक मुंबईचे, आणि राहायचं मात्र माळव्यात.

घरात मर्फीचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. व्हॉल्व्ह तापेपर्यंत आवाज येत नसे, म्हणून बातम्यांच्या थोडं आधी तो लावून ठेवायचा, हे काम माझं. एरियल म्हणजे तांब्याच्या तारेची जाळीदार पट्टी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली. रेडिओला तेव्हा लायसन्स लागे. पोस्टात वर्षाचे पैसे भरायचे, पुस्तकात तिकिटं लावून घ्यायची. नाना ते पुस्तक रेशनकार्डासोबत ट्रंकेत जपून ठेवत. ऐंशीच्या दशकात ती लायसन्सची पद्धत गेली.

संध्याकाळी इंदूर केंद्राचा निवेदक सांगे की आता भोपाळहून प्रादेशिक समाचार. मग क्षणभर खरखर, आणि आवाजाचा पोतच बदले. इंदूरचा निवेदक शेजारच्या खोलीत बसल्यासारखा ऐकू येई. भोपाळचा आवाज लांबचा, थोडा पातळ, कधी मध्येच खोल जाणारा. भोपाळचं बातमीपत्र आमचं केंद्र नुसतं सहक्षेपित करी. तसंच रायपूर, ग्वाल्हेर, जबलपूरलाही होई. एकाच वेळी चंबळच्या खोऱ्यातला आणि बस्तरच्या जंगलाकाठचा माणूस तेच वाक्य ऐकत असे. नानांना हे कळलं तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, “म्हणजे आत्ता ग्वाल्हेरला आत्याबाई पण हेच ऐकून राहिली असेल?” मी हो म्हटलं. तिथपासून ते जरा सावरून बसायला लागले.

ही दहा मिनिटं तयार कशी होत, ते मला पुढे वृत्तपत्रांत काम केलेल्या लोकांकडून समजलं. जिल्ह्याच्या गावी आकाशवाणीचा अंशकालीन वार्ताहर असे, बहुतेक वेळा आधीच एखाद्या वर्तमानपत्राचं काम बघणारा. त्यानं बातमी पाठवायची ती तारेनं, नाहीतर ट्रंक कॉलनं. ट्रंक कॉल लागेल तेव्हा लागेल. तारेत प्रत्येक शब्द मोजून लिहायचा. या प्रदेशात तेव्हा चाळीसहून अधिक जिल्हे. बातम्यांच्या संथ गतीनं वाचलं तर दहा मिनिटांत हजार-बाराशे शब्द बसतात; त्यातून मुख्यमंत्री, मंत्रिमंडळ, विधानसभा वजा केली की एकेका जिल्ह्याच्या वाट्याला एखादं वाक्य उरणार, तेही रोज नाही. प्रादेशिक बातमीची ती सुकी, विशेषणं नसलेली भाषा मला वाटतं या तारेच्या हिशेबातूनच आली असणार. अमुक नदीला पूर, तमुक रस्ता बंद, इतकी गावं पाण्यात. १९७३ च्या ऑगस्टअखेरीस नर्मदेला मोठा पूर आला तेव्हा अशीच छोटी छोटी वाक्यं एकामागून एक येत होती आणि त्यांच्या सुकेपणानंच छातीत धस्स होत होतं. कोणी आवाज चढवत नव्हतं. होशंगाबादचं नाव पहिल्या वाक्यात आलं, शेवटी मुख्य समाचार पुन्हा सांगताना आलं, आणि आजीनं देवापुढे दिवा लावला. आमचं होशंगाबादला कोणी नव्हतं.

हेच मला सांगायचं आहे. आमचं होशंगाबादला कोणी नव्हतं, तरी दिवा लागला.

गावांची नावं त्या बातम्यांतून घरात यायची आणि राहून जायची. बैलाडिलाची लोखंडाची खाण, भिलाईचा कारखाना, कोरबा, सीधी, शहडोल, पन्ना. १९७१ मध्ये पूर्व बंगालचे निर्वासित रायपूरजवळच्या माना छावणीत आले, त्यामुळे माना हे नाव आईला पाठ झालं. आई तशी नाशिककडची, लग्न होऊन इंदूरला आलेली. ती विचारायची, “हे जगदलपूर आपल्यातच येतं ना हो?” आणि नाना, ज्यांनी आयुष्यात उज्जैन-महेश्वरापलीकडे फारसं पाऊल टाकलं नव्हतं, ते सांगत, “येतं की. बस्तरात.” या दोन शब्दांत केवढा प्रवास झाला होता हे तेव्हा मला कळत नव्हतं. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळं झालं तेव्हा आई म्हातारी झाली होती. तिनं पहिला प्रश्न विचारला तो हा की आता जगदलपूरचं कुठून कळणार.

बातम्यांची हिंदी जड असे. अधिसूचना, आवंटन, अनावृष्टी. शेजारच्या गवळीवाड्यातल्या लोकांना ती निम्मी कळत नसे, आणि खरं तर आमच्या आजीलाही. पण त्यांचं अडत नव्हतं, कारण इंदूर केंद्रावर नंदाजी आणि भेराजी होते. शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातली ही जोडी मालवी बोलीत गप्पा मारी. त्या गप्पांत बी-बियाणं, खत, मंडीचे भाव, पाऊस, सरकारी योजना सगळं येई. सत्तरच्या दशकात माळव्यात सोयाबीन नवं नवं येत होतं. हे कसलं पीक, कोण विकत घेणार, जमिनीचं काय होणार, असे प्रश्न माणसांना पडत ते प्रश्न म्हणूनच विचारण्याची मुभा त्या बोलीत होती. समाचारांच्या हिंदीत फक्त उत्तरं असत. माळव्यातली म्हातारी माणसं अजून नंदाजी-भेराजींचं नाव घरच्या माणसासारखं घेतात. प्रादेशिक बातमी म्हणजे काय याचा विचार करताना मी या दोघांना वगळू शकत नाही. बातमीपत्र भोपाळहून येई खरं, पण ती बातमी गावात पोचे नंदाजी-भेराजींच्या तोंडून.

खंडव्याला माझे मामा एका छोट्या हिंदी दैनिकात होते. चार पानांचा पेपर, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापलेला. वृत्तसंस्थेचा टेलिप्रिंटर त्यांना परवडण्यासारखा नव्हता. अशा पेपरांसाठी आकाशवाणी एक वेगळं बातमीपत्र वाचत असे, धीमी गति के समाचार. माझ्या पिढीतल्या किती जणांनी ते ऐकलं असेल कोण जाणे, कारण ऐकण्यासाठी ते नव्हतंच, लिहून घेण्यासाठी होतं. वाचणारा वाक्याचा तुकडा वाचे, थांबे. पुढचा तुकडा, पुन्हा थांबे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी खंडव्याला जाई तेव्हा मामा मला जवळ बसवत. त्यांच्या हातात शिसपेन्सिल, मांडीवर न्यूजप्रिंटचे कापलेले कागद. विशेषनाम आलं की ते डावा हात वर करत, म्हणजे घरातल्या सगळ्यांनी गप्प. परदेशी नाव आलं की मामींनी कढईतलं उलथनंसुद्धा हलवायचं नाही. लिहून झालं की कागद सायकलवरून छापखान्यात, आणि तिथे कंपोझिटर त्यातली अक्षरं एकेक करून उचलणार. सकाळी तेच वाक्य शहरभर.

मला त्या वयात याचं फार अप्रूप वाटे. हवेतून आलेलं वाक्य मामांनी धरलं, कागदावर ठेवलं, शिशात गेलं आणि दुसऱ्या दिवशी पानटपरीवर लोक ते मोठ्यानं वाचत होते. त्याची दुसरी बाजू कळायला वेळ लागला. जे वाक्य रेडिओवर आलंच नाही, ते मामांच्या कागदावरही येणार नव्हतं. छोट्या गावांत वर्तमानपत्र आणि रेडिओ हे दोन आवाज नव्हतेच, पुष्कळदा एकच होता.

त्या दशकातला हा रेडिओ मला एका नावाच्या मागे मागे जाताना सगळ्यात स्पष्ट दिसतो. ते नाव जयप्रकाश नारायण.

एप्रिल १९७२. मुरैना जिल्ह्यातल्या जौरा इथे चंबळच्या डाकूंनी जयप्रकाशजींसमोर शस्त्रं ठेवली. मोहरसिंह, माधोसिंह ही नावं आम्हाला गोष्टीतल्या राक्षसांसारखी माहीत होती. मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठी, म्हणजे आमच्या माळव्याचेच. प्रादेशिक समाचारांत त्या दिवसांत जयप्रकाशजींचं नाव आदरानं येई. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून आत्याबाईंचं पत्र आलं. त्यांनी मोडीच्या वळणाच्या देवनागरीत लिहिलं होतं की रोडवेजची बस आता अंधार पडल्यावरही मुरैन्याला जाईल असं लोक म्हणतायत. नानांनी ते पत्र वाड्यात सगळ्यांना वाचून दाखवलं, कारण बातमी रेडिओवर ऐकली होती आणि आता तिला आपल्या माणसाची साक्ष मिळाली होती.

मग २६ जून १९७५ ची सकाळ. राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली आहे, घाबरण्याचं काही कारण नाही, असं पंतप्रधानांनी रेडिओवरून सांगितलं. जयप्रकाशजींना आदल्या रात्रीच अटक झाली होती. त्यानंतर ते नाव आमच्या मर्फीतून निघून गेलं.

इंदूरच्या ‘नई दुनिया’नं त्या दिवसांत अग्रलेखाची जागा कोरी सोडली. राहुल बारपुते आणि राजेंद्र माथुर यांचं ते वर्तमानपत्र. बारपुते म्हणजे आमच्यातलेच इंदूरचे मराठी, कुमार गंधर्व आणि चित्रकार विष्णु चिंचाळकर यांच्या बैठकीतले. ती कोरी चौकट नानांनी बराच वेळ बघितली. मिलमध्ये आयुष्यभर हिशेबाची वही लिहिलेल्या माणसाला कोऱ्या रकान्याचा अर्थ कोणी सांगायला लागत नाही.

मी पुढे अनेकदा विचार केला आहे की रेडिओला ही सोय नव्हती. कागदावर जागा कोरी सोडता येते आणि ती कोरी आहे हे वाचणाऱ्याला दिसतं. हवेत कोरी जागा सोडली तर लोक म्हणतील लाईट गेली, नाहीतर व्हॉल्व्ह गेला. दहा मिनिटं ही दहा मिनिटंच भरायला हवीत. त्यामुळे भोपाळची दहा मिनिटं भरत राहिली. वीस कलमी कार्यक्रम, वृक्षारोपण, कुटुंब नियोजन शिबिरांची उद्दिष्टं, वेळेवर धावणाऱ्या गाड्या. आवाज तोच होता, उच्चार तितकेच स्वच्छ. ज्या माणसावर आपण पूर आणि निवडणुका आणि युद्ध या सगळ्यांसाठी विश्वास ठेवला, तोच आवाज आता हे सांगत होता, आणि ऐकणाऱ्याला आवाजावरून काहीच ओळखता येत नव्हतं. मला वाचणाऱ्यांना दोष द्यायचा नाही. समोर येईल तो कागद वाचणं हेच त्यांचं काम होतं. पण विश्वासाचं जे नुकसान त्या एकोणीस महिन्यांत आणि त्यापुढच्या काही आठवड्यांत झालं ते भरून आलं असं मला आजही वाटत नाही.

आमच्या वाड्यातल्या एका काकांना मिसाखाली, म्हणजे विनाचौकशी अटकेच्या कायद्याखाली, नेलं होतं. काकू रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसत. त्यांच्याकडे रेडिओ नव्हता असं नाही, पण एकटीनं ऐकवत नसे. नाव येणार नाही हे त्यांना माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं. तरी मुख्य समाचार दुसऱ्यांदा सांगून होईपर्यंत त्या उठत नसत. नाना त्यांना काही म्हणत नसत. बातम्या संपल्या की रेडिओ बंद न करता तसाच चालू ठेवत, पुढे भजन लागो की कृषिवार्ता. एकदम शांतता झाली असती तर काकूंना उठायला अवघड गेलं असतं, असं मला आता वाटतं.

१९७६ मध्ये देशातल्या चार वृत्तसंस्था मोडून एकच ‘समाचार’ संस्था केली गेली. मोठ्या पेपरांचे टेलिप्रिंटरही मग एकाच सुरात बोलायला लागले. त्याच वर्षी किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून नाहीशी झाली. किशोरकुमार खंडव्याचे, इंदूरच्या क्रिश्चन कॉलेजात शिकलेले, म्हणजे या भागातल्या पोरांचे घरचेच. माझ्या मामेभावानं मामांना विचारलं, “बाबा, हे तुमच्या पेपरात का नाही?” मामांनी उत्तर दिलं नाही. रात्री मात्र खंडव्यातल्या त्या घरात बीबीसीची हिंदी सेवा लागे, आवाज इतका कमी की कान रेडिओला टेकवावा लागे. तशीच आमच्याकडे इंदूरलाही लागे.

त्याच काळात घरात एक चांगली गोष्टही झाली. डिसेंबर १९७६ मध्ये जळगाव केंद्र सुरू झालं. तोवर मराठी ऐकायची म्हणजे मुंबई-पुण्याची मध्यम लहर रात्री पकडायची. दिवसा ती लहर लांबवर पोचत नाही, सूर्य मावळला की वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो मैल येते. पण तिच्यासोबत दुसरी चार केंद्रंही येतात. जळगाव तुलनेनं जवळ, सातपुडा उतरला की खानदेशच. सकाळच्या साडेआठच्या मराठी बातम्या, दिल्लीहून दिलेल्या, आता जरा धड ऐकू येऊ लागल्या. आईचा चेहरा त्या वेळी खुलायचा. गंमत म्हणजे नाना ते बातमीपत्र ऐकून म्हणत, “यात आपल्याकडचं काहीच नाही.” आपल्याकडचं म्हणजे भोपाळकडचं. वीस वर्षांपूर्वी ‘तिकडे’ म्हणणारा हाच माणूस.

मार्च १९७७ मध्ये मतमोजणीच्या रात्री वाड्यात कोणी झोपलं नाही. रायबरेलीत इंदिराजी हरल्या. २१ मार्चला आणीबाणी उठली. प्रादेशिक समाचारांत मध्य प्रदेशचे निकाल येत राहिले: चाळीसपैकी काँग्रेसला एकच जागा, छिंदवाडा. इंदुरात कल्याण जैन निवडून आले. तोच आवाज, तेच उच्चार. काकूंनी त्या दिवशी पहिल्यांदा आमच्याकडे बातम्या ऐकताना चहा घेतला. त्या वर्षी सरकारनं आणीबाणीतल्या प्रसारमाध्यमांच्या गैरवापराची श्वेतपत्रिका काढली. तिच्यात आकाशवाणीच्या बातम्यांतला सत्ताधाऱ्यांचा आणि विरोधकांचा वाटा अक्षरशः ओळी मोजून मांडला होता. मामांनी त्यातला भाग पेपरात छापला, आणि तो त्यांनी स्वतः खिळे जुळवायला उभं राहून छापला, हे मला मामींनी पुष्कळ वर्षांनी सांगितलं. वर्गीस समितीनं पुढच्या वर्षी आकाशवाणी-दूरदर्शनला सरकारपासून स्वायत्त करण्याची शिफारस केली. त्यातून प्रसार भारती प्रत्यक्ष उभी राहायला १९९७ उजाडलं.

नर्मदेचं पाणीही त्या दशकाचंच. इंदूरचं पाणी यशवंत सागर आणि बिलावलीच्या तलावावर, आणि शहर वाढत चाललेलं. १९७० मध्ये नर्मदेच्या पाण्यासाठी इंदुरात मोठं आंदोलन झालं, आणि १९७८ मध्ये जलूदहून विंध्याचा चढ चढवून, सत्तरेक किलोमीटर दूरवरून पाणी शहरात आलं. आमच्या दृष्टीनं गंगावतरण! भोपाळच्या बातम्यांत त्याची दोन-तीन वाक्यं आली आणि पुढची बातमी सुरू झाली. आई हिरमुसली. नाना म्हणाले, “अगं, रीव्याच्या माणसाला काय करायचंय आपल्या नळाचं?” मी तेव्हा कॉलेजच्या उंबरठ्यावर होतो आणि मला नानांचा रागच आला. आता वाटतं, दुसऱ्यांच्या चाळीस जिल्ह्यांना त्यांनी मनात जागा करून दिली होती, म्हणून त्यांना ती दोन वाक्यं पुरली.

आणि २२ मार्च १९७९. जयप्रकाशजी मुंबईत जसलोक रुग्णालयात होते. दुपारी आकाशवाणीनं त्यांच्या निधनाची बातमी दिली. पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत श्रद्धांजली वाहिली. मी कॉलेजात होतो, तास सुटले, आम्ही मुलं राजवाड्यापर्यंत चालत गेलो, वाटेत दुकानांची फळकुटं लागत होती. आणि मग कळलं की ते जिवंत आहेत. घरी आलो तर नाना रेडिओसमोर बसलेले. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. आनंद होताच, पण त्याच्या आत काहीतरी मोडलं होतं. ज्या माणसाचं नाव घ्यायचं नाही म्हणून दोन वर्षं जे यंत्र गप्प राहिलं, त्यानंच त्याच माणसाच्या मृत्यूची बातमी इतक्या घाईनं दिली. जयप्रकाशजी गेले ते ८ ऑक्टोबरला. त्या सकाळी बातमी लागली तेव्हा नानांनी मला सायकलवर नई दुनियाच्या कचेरीत पाठवलं, खात्री करून ये म्हणून. भोपाळचा आवाज लांबून, खरखरीतून यायचा, तेव्हा त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला होता. आता आवाज अगदी स्वच्छ येत होता.

या बातमीपत्रांचं आज काय उरलं आहे? भाषणं, संगीतसभा, नाटकं ध्वनिमुद्रित झाली, जपली गेली. रोजचं प्रादेशिक बातमीपत्र थेट वाचलं जाई, आणि वाचून झालं की संपलं. मामांच्या पेपरच्या जुन्या फायली वाळवीनं खाल्ल्या. आज भोपाळचे प्रादेशिक समाचार मोबाइलच्या ॲपवर जगात कुठूनही ऐकता येतात आणि मी ते ऐकतोही. पण १९७३ च्या पुराचं ते बातमीपत्र मला ऐकायचं असेल तर ते फक्त ज्यांनी ऐकलं त्यांच्याकडे आहे, आणि ती माणसं ऐंशीच्या घरात आहेत. म्हणून मी अलीकडे रामबाग, नारायणबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर असा हिंडतो आहे. जो बोलेल त्याच्यासमोर फोन ठेवतो. बरेच जण सिग्नेचर ट्यूनपासून सुरुवात करतात आणि तिथेच रमतात. त्यांना हळूहळू बातम्यांकडे आणावं लागतं. मग एकदम एखादी म्हातारी सांगते की तिला नवऱ्याच्या मिलच्या संपाची बातमी रेडिओवरून कळली, नवरा घरी यायच्या आधी. एक निवृत्त शिक्षक आणि त्यांचे धाकटे बंधू, दोघांनाही १९७९ ची ती दुपार लख्ख आठवते, पण खुलासा किती वेळानं आला यावर त्यांचं जमत नाही, आणि माझ्यासमोर त्यांची चांगली जुंपली.

पुढच्या रविवारी रेडिओ कॉलनीकडे राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडे जायचं आहे. त्यांनी त्या काळात भोपाळच्या वृत्तविभागात काम केलं आहे. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून नेतो आहे. पहिला प्रश्न असा आहे: आणीबाणीत एखादी बातमी काढायची असली की तयार कागदावर ती खोडत असत, की अख्खा कागद नव्यानं टाइप होई? आणि खोडलेले कागद कुठे जात?